गाणं जंगलाचं, बातमी नागपूरची

‘नागरिकांनी एकट्यानं जंगलात जाऊ नये, असं आवाहन वन विभागातर्फे करण्यात आलं आहे.’

उन्हाळ्यात विदर्भात रेडिओ लावा, हे वाक्य या ना त्या रूपात कानावर येतंच. वाक्यात खोट काढायला जागा नाही. व्याकरण चोख, उच्चार स्वच्छ, आवाजात काळजीही आहे. पण हे वाक्य नेमकं कुणाशी बोलतंय? एप्रिल-मे म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम. सिंदेवाही, ब्रह्मपुरी, मूल, नागभीड या पट्ट्यातल्या बाया पहाटेच्या अंधारात जंगलात शिरतात, कारण उन्हं चढायच्या आत पानं तोडून घरी आणायची असतात आणि मग दुपारभर बसून त्यांची पुडकी बांधायची असतात. हंगाम काही आठवड्यांचाच. त्या पैशावर पुढची पेरणी अवलंबून. जंगलात जायचं की नाही, हा त्यांच्यापुढचा प्रश्नच नाही. वाघ असलेल्या जंगलात कसं जायचं, हा प्रश्न आहे, आणि त्यावर बातमीपत्र गप्प असतं. आवाहन संपतं, हवामान सांगितलं जातं, आणि मग एखादं छानसं लोकगीत लागतं. बहुतेक वेळा जंगलाबद्दलचंच.

मला अडचण वाटते ती त्या गाण्याची नाही, त्या बातमीचीही नाही. त्या दोघांच्या मधल्या फटीची आहे.

आपल्याकडे रेडिओबद्दल लिहिलं जातं ते आठवणींच्या सुरात. बिनाका गीतमाला, अमीन सायानी, मुंबई केंद्राचं ‘प्रपंच’, आजोबांचा व्हॉल्व्हचा सेट. हे सगळं गोड आहे आणि त्यानं रेडिओचं वाटोळं केलंय. ज्याची आठवण काढायची तो मेलेलाच असतो ना! सिनेमाची समीक्षा होते, वेबसिरीजची होते, तीस सेकंदांच्या रीलवरही लोक तावातावानं लिहितात. पण आज, या क्षणी चालू असलेल्या सरकारी रेडिओची रचना कशी आहे, त्यात कोण बोलतं, कोण फक्त गातं, हे कुणी विचारत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत ते विचारायलाच हवं. कारण इथं अजूनही अशा जागा आहेत जिथं फोनला रेंज शोधायला टेकडी चढावी लागते.

आकाशवाणी चंद्रपूर, एफएम १०३. हे ‘स्थानिक’ केंद्र आहे, आणि या शब्दाला आकाशवाणीच्या व्यवहारात खास अर्थ आहे. राष्ट्रीय, प्रादेशिक आणि स्थानिक अशी तीन मजली रचना आकाशवाणीनं ठरवली. त्यातलं पहिलं स्थानिक केंद्र तमिळनाडूत नागरकोइलला १९८४मध्ये सुरू झालं. कल्पना फार चांगली होती. स्थानिक केंद्रानं स्टुडिओत बसून राहायचं नाही; ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन गावोगाव जायचं, तिथल्या बोलीत तिथल्या माणसांशी बोलायचं आणि त्यांचंच त्यांना ऐकवायचं. म्हणजे रेडिओला तोंड होतंच, त्याला कान द्यायचे.

पण बातमीचा विभाग या रचनेत खालच्या मजल्यावर उतरलाच नाही. महाराष्ट्रात आकाशवाणीचे प्रादेशिक वृत्तविभाग चार ठिकाणी: मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर. चंद्रपूरला जी प्रादेशिक बातमी ऐकू येते ती नागपूरहून येते. जिल्हा वार्तापत्रासारखे प्रकार असतात, पण ते काही मिनिटांचे, आणि रोजच्या बातमीची जागा त्यांनी कधी घेतली नाही. २०२३च्या जूनमध्ये पुण्याचा वृत्तविभाग बंद करण्याचा आदेश निघाला तेव्हा केवढा गहजब झाला. पुण्याचं बातमीपत्र म्हणजे पुण्याची सकाळ! अखेर आदेश थांबवावा लागला, ते बरंच झालं. पण ज्यांना असा विभाग मिळालाच नाही, त्यांच्यासाठी गहजब कोण करणार? गडचिरोली ते सिरोंचा हे अंतरच दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. त्याच्याही वर नागपूर. बातमी इथून तिथं जाते, तिथं साफसूफ होते, प्रमाण मराठीत येते, आणि मग इथं परत येते. मधल्या प्रवासात माणसाचा आवाज गळून पडतो आणि ‘प्रशासन’ उरतं.

गाणं आणि सार्वजनिक प्रश्न असे दोन वेगळे डबे कुणी केले? यामागे एक धोरण आहे, आणि गंमत म्हणजे त्यात एका मराठी माणसाचा मोठा हात आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं माहिती व नभोवाणी मंत्री होते. देशाच्या कानाला वळण लावायचं, ही त्यांची तळमळ. कलावंतांच्या आवाज-चाचण्या आणि श्रेणी आल्या, १९५२मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, सिनेसंगीताला दाराबाहेर काढलं गेलं. श्रोते उठून रेडिओ सिलोनकडे गेले, आणि त्यांना परत आणण्यासाठी १९५७मध्ये विविध भारती काढावी लागली. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. कमी बोललं जातं ते याबद्दल, की याच काळात लोकसंगीताचीही एक ठरावीक जागा पक्की झाली. शास्त्रीय, सुगम, लोकगीत असे खण. लोकगीताच्या खणात काय घालायचं? ठरलेल्या मिनिटांत बसणारं, चाचणी उत्तीर्ण झालेलं, वादात न सापडणारं. शिवाय पेटी. आकाशवाणीवर हार्मोनियमला १९४० ते १९७१ बंदी होती. ज्या भागात भजन, दंडार, नाटक यातलं काहीही पेटीशिवाय उभं राहत नाही, त्या भागाला हा नियम कसा वाटला असेल!

केसकरांना वाईट ठरवायचं नाही. शास्त्रीय संगीताला त्या पडत्या काळात आकाशवाणीनं आसरा दिला नसता तर कितीतरी घराण्यांचे आवाज विरून गेले असते. पण संगीत म्हणजे संस्कार, आणि सार्वजनिक प्रश्न म्हणजे माहिती, ही वाटणी तेव्हाच रुजली. चंद्रपूरच्या मातीत ती बसत नाही.

कारण या मातीत गाणं हीच बातमी होती. १६ ऑगस्ट १९४२ला चिमूर पेटलं, त्याआधी तिथं काय वाजत होतं? खंजिरी. तुकडोजी महाराजांची भजनं. लोक देवाच्या नावानं जमत आणि राज्यकर्त्यांविषयी ऐकून उठत. महाराजांना अटक झाली, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं गेलं. इंग्रज सरकारला त्या भजनांची समीक्षा आपल्यापेक्षा चांगली जमत होती म्हणायची. चिमूरमध्ये नंतर फौजेनं जे केलं, विशेषतः बायांवर जे अत्याचार झाले, त्यांच्या चौकशीसाठी भन्साळींनी ६३ दिवसांचा उपास केला आणि सरकारनं त्या उपासाची बातमी छापायलाच मनाई केली. चिमूरच्या स्वातंत्र्याची घोषणा सुभाषबाबूंनी परदेशातून रेडिओवर केली, असं चिमूरची माणसं आजही अभिमानानं सांगतात. वर्तमानपत्राचं तोंड बांधलेलं, रेडिओ समुद्रापार, आणि गावात खंजिरी.

दंडारीचंही तसंच. दिवाळीच्या सुमाराला झाडीपट्टीत दंडार उभी राहते; गण होतो, गवळण होते, आणि मग सोंग येतं. सोंग गावातल्या बड्या माणसाला चिमटा काढतं, यंदाच्या पिकावर बोलतं, कुणाच्या घरातली भानगड सगळ्यांसमोर आणतं. खडी गंमतीतला शाहीर सवाल टाकतो, समोरच्याला जवाब द्यावाच लागतो. वडशाच्या मंडळ्यांची नाटकं रात्रभर चालतात, त्यात गाणी मोजून होत नाहीत आणि हुंडा, दारू, कर्ज हे विषय त्या गाण्यांतूनच पुढे सरकतात. आणखी दक्षिणेला, एटापल्ली-भामरागडकडे, रेला. नाचणाऱ्यांची एक रांग ओळ टाकते, दुसरी उचलते, आणि त्या ओळींत त्या वर्षी गावात जे झालं ते शिरतं. यातलं काहीही ‘मनोरंजन’ या खणात मावत नाही. स्टुडिओत पाच-सात मिनिटांचा तुकडा मुद्रित केला की नेमकं सोंग कापलं जातं आणि गवळण राहते. सवाल कापला जातो, चाल राहते.

गोंडीबद्दल तर हे फार लागतं. २०११च्या जनगणनेत देशात गोंडी ही मातृभाषा सांगणारे जवळपास तीस लाख लोक होते. भाषा आठव्या अनुसूचीत नाही. रेडिओवर ती ऐकू येते तेव्हा बहुधा गाण्याच्या रूपात. आधी मराठीत निवेदन: ‘आता ऐकू या एक गोंडी लोकगीत.’ मग गीत. मग परत मराठी. एखाद्या भाषेला फक्त गायला बोलवायचं आणि वनहक्क, खाण, दवाखाना, रेशन या गोष्टी निघाल्या की दुसऱ्या भाषेत बोलायचं, हा मान म्हणायचा की काय? शेजारी इंद्रावतीपलीकडे जगदलपूर केंद्र आहे, तिथून हलबी आणि गोंडीत कार्यक्रम होतात. म्हणजे हे करता येत नाही असं नाही.

‘लोकांना चर्चा नको असते, गाणी हवी असतात,’ असं एक उत्तर ठरलेलं असतं. मला ते पटत नाही, आणि त्याचा पुरावा रेडिओवरच आहे: फर्माईशीचा कार्यक्रम. समीक्षक या कार्यक्रमाकडे ढुंकून बघत नाहीत, पण सबंध सार्वजनिक रेडिओतला सगळ्यात लोकशाही प्रकार कोणता, असं मला विचारलंत तर मी फर्माईशीकडे बोट दाखवीन. राजुऱ्याहून अमुक, गोंडपिपरीहून तमुक, नागभीड तालुक्यातल्या एका वाडीवरून सहा जणांचं अख्खं मित्रमंडळ. गाणं साडेतीन मिनिटांचं, नावांची यादी दोन मिनिटांची. ऐकणारा गाण्यासाठी थांबतो असं आपल्याला वाटतं. तो थांबतो यादीसाठी. नकाशावर ज्याचं नाव नसतं त्या गावाचं नाव हवेत उच्चारलं जातं, आणि तेही नीट, घाई न करता, आदरार्थी. निवेदिकेनं ‘पोंभुर्णा’ बरोबर म्हटलं यावर खूश होणारी माणसं आहेत. खासगी एफएमवरचा जॉकी तुमच्याशी बोलतो तेव्हा तो खरं तर स्वतःशीच बोलत असतो. आकाशवाणीचा चांगला निवेदक अजूनही समोरच्या माणसाशी बोलतो. त्याचा धीमेपणा हा जुनाटपणा नव्हे, ती रीत आहे. शेतीच्या कार्यक्रमात फोन लावून धानावरच्या तुडतुड्याबद्दल विचारणारा शेतकरी आणि त्याला शांतपणे ‘फवारणी कधी केली होती तुम्ही?’ असं उलट विचारणारा तज्ज्ञ, यांच्यात जो संवाद होतो तो कुठल्याही टीव्ही चर्चेपेक्षा वरचा आहे. म्हणजे प्रश्न विचारायची पद्धत या माध्यमाला येते. कीड तुडतुड्याची असेल तर येते. वाघ, खाण, धरण म्हटलं की आवाज बदलतो आणि ‘करण्यात आलं आहे’ सुरू होतं.

हे भित्रेपणानं होतं असं म्हणून मोकळं होता येईल, पण निवेदकावर राग काढण्यात अर्थ नाही. आकाशवाणीची स्वतःची एक आचारसंहिता आहे. कुठल्याही पक्षावर नाव घेऊन हल्ला नको, केंद्र वा राज्य सरकारवर वैरभावानं टीका नको, असं ती सांगते. दुसरीकडे १९९०चा प्रसार भारती कायदा म्हणतो की सार्वजनिक हिताच्या सगळ्या बाबींवर मुक्त, सत्य आणि वस्तुनिष्ठ माहिती मिळण्याचा नागरिकांचा हक्क या संस्थेनं जपावा, परस्परविरोधी मतंही मांडावीत. आदिवासी समाजांच्या खास गरजा लक्षात घेऊन कार्यक्रम करावेत, हेही त्याच कायद्यात आहे. कायदा एक सांगतो, सवय दुसरं. हंगामी करारावर काम करणाऱ्या निवेदकाला दोन्हीतलं काय पाळणं सुरक्षित वाटेल, हे सांगायला नको.

मग दुसऱ्या कुणी करावं? करता येत नाही. १९९५च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निकाल दिला. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत हेही मराठीच. पण बातम्यांपुरती ती मालमत्ता अजून एकाच घरात आहे. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. सामुदायिक रेडिओचं धोरण २००६पासून संस्थांनाही खुलं झालं, तरी स्वतःच्या बातम्यांचं दार त्यांनाही बंदच. म्हणून आकाशवाणीनं जे सोडलं ते रेडिओवर दुसरं कुणी उचलत नाही. ते तसंच पडून राहतं.

२८ एप्रिल २०२३ला देशभर शंभर वॉटचे ९१ एफएम ट्रान्समीटर एकाच दिवशी सुरू झाले. सरकारी निवेदनात आकडा होता: आणखी दोन कोटी लोक, ३५ हजार चौरस किलोमीटर. मागास आणि सीमेवरच्या जिल्ह्यांवर भर. चांगलं पाऊल, यात वाद नाही. फक्त थोडं गणित करू. ३५ हजाराला ९१नं भागलं तर एका ट्रान्समीटरच्या वाट्याला येतात साधारण ३८५ चौरस किलोमीटर, म्हणजे सगळीकडे सुमारे अकरा किलोमीटरचा वेढा. एकट्या गडचिरोली जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४ हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे आणि त्यातला तीन चतुर्थांश भाग जंगल. एफएमची लहर सरळ रेषेत जाते. मध्ये डोंगर आला की संपली. जुनी मीडिअम वेव्ह खरखरत का होईना, रात्री शेकडो किलोमीटर जायची. तिचे ट्रान्समीटर आता एकेक करून बंद होताहेत.

आणि हे नवे ट्रान्समीटर पुनःप्रक्षेपणाचे. दुसरीकडचा कार्यक्रम पकडायचा आणि पुढे सोडायचा. त्यांना स्टुडिओ नाही, ध्वनिमुद्रक नाही. १९८४च्या कल्पनेतला कान काढून टाकला आणि तोंडांची संख्या वाढवली, असा हा प्रकार झाला.

तुम्ही हे फोनवर वाचताय, म्हणून एक आडवळण. तुमच्या फोनमध्ये एफएम आहे का, बघा. पूर्वी हेडफोनची वायर लावली की तीच अँटेना व्हायची आणि डेटा न जाळता रेडिओ लागायचा. नंतर कंपन्यांनी आधी जॅक काढला, मग रेडिओही. २०२३मध्येच केंद्र सरकारला फोन कंपन्यांना सांगावं लागलं की एफएमची सोय काढू नका, आपत्तीत ती लागते. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे दर पावसाळ्याचं. वीज जाते, टॉवर बसतो. अशा वेळी ॲपवर उपलब्ध असलेला रेडिओ म्हणजे पुराच्या पाण्यात पोहण्याचं पुस्तक.

ज्यांनी हे डबे मोडले त्यांचं उदाहरण शेजारीच आहे. छत्तीसगडमध्ये २०१०मध्ये शुभ्रांशु चौधरी आणि सहकाऱ्यांनी सीजीनेट स्वर सुरू केलं. साधा फोन. एका क्रमांकावर मिस्ड कॉल द्यायचा, उलटा फोन आला की बोलायचं. कुणीतरी ते तपासतं आणि मग ते सगळ्यांना ऐकता येतं. त्याच्यावर सलग अर्धा तास ऐका. एक बाई गोंडीत गाते. पुढचा माणूस सांगतो की हातपंप कधीपासून बंद आहे, आणि संबंधित अधिकाऱ्याचा फोन नंबर देऊन म्हणतो, तुम्हीही यांना विचारा. त्यानंतर परत गाणं. कार्यक्रम कुणी ‘रचलेला’ नाही, म्हणून ध्वनीचा दर्जा बेताचा, पुनरुक्ती पुष्कळ, काही नोंदी कंटाळवाण्या. रेडिओ म्हणून आकाशवाणीचा कसलेला निवेदक यापेक्षा शंभरपट सरस. पण गाणाऱ्या माणसालाच तक्रारही असते, एवढी एक गोष्ट तिथं गृहीत आहे.

चंद्रपूर केंद्राकडे आज जे आहे तेवढ्यावरही पुष्कळ करता येईल. निवेदक आहेत, गावांची नावं नीट उच्चारण्याची सवय आहे, फर्माईशीवर जीव टाकणारा श्रोता आहे. तेंदूपत्त्याच्या हंगामात एक तास घ्यावा. सकाळी जंगलातून परतलेल्या बायांना फडीवर गाठावं, पुडकी मोजून होईपर्यंत थांबावं. त्यांना गाणं म्हणायला सांगावं, पूर्ण, कितीही मिनिटांचं असो. मग यंत्र बंद न करता विचारावं की वाघ दिसला तेव्हा काय केलं, शेकड्याला काय भाव मिळाला, मागच्या वर्षीचा बोनस आला का. वन विभागाचा अधिकारी शेजारी बसलेला असावा आणि त्यानं तिच्या भाषेत उत्तर द्यावं. तसंच सिरोंच्यात. गोदावरीवर मेडीगड्डाचा बंधारा झाला, २०१९मध्ये त्याचं उद्घाटन झालं, २०२३च्या ऑक्टोबरात त्याचे खांब खचले. काठावरच्या शेतकऱ्याची जमीन पाण्याखाली कधी जाते आणि दरवाजे कधी उघडतात, हे तो आजही तेलंगणातल्या नातेवाइकाला फोन करून विचारतो. तो तेलुगू बोलतो, मराठीही बोलतो, आणि चंद्रपूरचा एफएम त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.